होळीत गेलेली लोटगाडी

१९ फेब्रुवारी, बुधवार

तृप्ते, हे वाचायला घेशील तेव्हा आधी चष्मा शोधशील. तो तुझ्या डोक्यावर आहे, मी इथूनच सांगते. मग तुला आठवणार नाही की हे लिखाण कुणी सांगितलं आणि कशासाठी. संक्रांतीला आली होतीस तेव्हा तूच म्हणालीस, "आजी, गावात रोज काय चुकीचं घडतं ते तू सांगत जा, मम्मी लिहील. माझ्या अभ्यासाला लागेल." एवढं बोलून विद्यापीठात परत गेलीस, ती टॉवेल दोरीवर, लोणच्याची बरणी ओट्यावर आणि होस्टेलच्या खोलीची किल्ली देवळीत ठेवून. म्हणे चोरांचा अभ्यास करते! एक बरं झालं, तुझी खोली फोडायची तर चोराला किल्लीसाठी बुऱ्हाणपूरपर्यंत यावं लागेल, आणि तिथून दापोऱ्याच्या पुढे आमच्या गावात. रस्ता बघूनच तो सुधारेल.

मला अक्षर येत नाही. सांगणारी मी, लिहिणारी तुझी आई. ठरलं असं आहे की मी बोलेन ते तसंच उतरायचं. मी लांबलचक बोलले आणि छायाचा हात थोडाच चालला, तर मला कळतं. मी अडाणी आहे, आंधळी नाही. तारीख तेवढी ती आपल्या मनाने घालते.

आज ओट्यावर बायकांनी विचारलं, "गोदामाय, तुमची तृप्ती काय शिकते म्हणे?" मी म्हटलं, अपराधशास्त्र.

"म्हणजे पोलीस होणार?"

"नाही."

"वकील?"

"नाही. चोराने चोरी केली की पोलीस त्याला धरतो, वकील सोडवतो, आणि आमची तृप्ती सांगते की बिचाऱ्याने चोरी का केली."

शेजारची सोजरबाई म्हणाली, "त्यात शिकायचं काय? पाहिजे होतं म्हणून केली."

तुझी दोन वर्षं वाचली असती, पण तू सोजरबाईला विचारलंच नाहीस.

आज गावात घडलेली चुकीची गोष्ट: सोजरबाईच्या कोंबडीने आमच्या गोठ्यात अंडं घातलं आणि मी ते परत दिलं नाही. हा गुन्हा आहे की नाही ते तू ठरव. त्याचं आम्लेट झालेलं आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तुझा फोन आला. तू सांगितलंस की फार वर्षांपूर्वी परदेशात एक डॉक्टर होता. त्याने तुरुंगातल्या माणसांची डोकी मोजली आणि जाहीर केलं की चोर जन्मताच चोर असतो. त्याची खूण काय, तर कान मोठे, जबडा पुढे, हात लांब आणि भुवया एकमेकींत मिसळलेल्या.

फोन ठेवला आणि मी घरापासून सुरुवात केली. भिंतीवरच्या फोटोत तुझ्या आजोबांचे कान सुपाएवढे आहेत. त्यांनी जन्मात काही चोरलं नाही, कामाच्या वेळची झोप सोडली तर. तुझ्या बापाच्या, ललितच्या, भुवया जुळलेल्या आहेत. तो केळीच्या मंडीत जातो तेव्हा तिथले लोक त्याला लुटतात, तो कुणाला लुटत नाही. तुझ्या भावाचं, मयूरचं, माप सगळ्यात चांगलं भरलं. इवलेसे कान, सरळ नाक, तेल न लावता चमकणारे केस. त्या डॉक्टरने आमच्या मयूरला पाहिलं असतं तर उचलून देवघरात बसवलं असतं.

आणि कडूला पाहिलं असतं तर उभ्या उभ्या बेड्या घातल्या असत्या. चारही खुणा एकट्या कडूत आहेत. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने याचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणाने तोंड लावू नये. मरणाने लावलं नाही, तसं कुणीच लावलं नाही. तर डॉक्टरच्या मापाने गावातला सगळ्यात मोठा डाकू फाट्यावर निंबाखाली लोटगाडी उभी करतो, केळीचे वेफर आणि भजी तळतो, आणि कढईतला चुरा शाळेच्या पोरांना फुकट वाटतो. गाडी अस्सल सागाची आहे. सासरा सुतार होता, त्याने लग्नात दिली. कडू बायकोवर, पार्वतीवर, आवाज चढवत नाही, त्याचं कारण ती गाडी असावी.

मी तुला परत फोन लावला. म्हटलं, "तुझा डॉक्टर खोटा आहे."

तू म्हणालीस, "हो आजी, ते कधीच खोटं ठरलंय."

"मग शिकवतात कशाला?"

"खोटं कसं ठरलं ते कळावं म्हणून."

म्हणजे आधी खड्डा खणायचा, मग तो बुजवायचा, आणि त्याला पदवी म्हणायचं.

आणखी एक. मयूर आता कामाला लागणार. बी.कॉम. झाल्यापासून घरात मोबाइल घेऊन लोळतो, हे तू त्याला नेहमी ऐकवतेस. आता ऐक. फाट्यावर चहाचं दुकान टाकणार आहे. 'मयूर टी सेंटर' अशी रंगवलेली पाटी बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातून करूनही आणली, पाटीवर मोर काढला आहे. म्हणाला, "आजी, बस निंबाखालीच थांबते. जागा एकच आहे, और वहाँ कडूकाका बैठे हैं."

मी म्हटलं, "मग कडूच्या शेजारी लाव."

"शेजारी ऊन येतं ना आजी. ऊन में कौन चाय पिएगा?"

बघ, ऊनसावलीपर्यंत विचार करतो. पोराला धंद्याची नजर आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीही चुकीचं घडलं नाही. कालच्या शिवरात्रीचा साबुदाणा सगळ्यांना जड गेला असावा.

३ मार्च, सोमवार

आज तू पाच बोटं शिकवलीस. गुन्हा करणारा स्वतःला गुन्हेगार मानत नाही, तो आधी मनाची समजूत घालतो आणि समजुती मोजून पाच. माझा नाइलाज होता. कुणाचं काय बिघडलं. त्याची तीच लायकी होती. बोलणारे तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे. आणि मी माझ्यासाठी नाही, दोस्तांसाठी केलं.

मी म्हटलं, हे मला साठ वर्षांपासून माहीत आहे, तुझे आजोबा मंडीतून उशिरा येऊन पाचही एका दमात म्हणायचे.

तू विचारलंस, "आणि आजी, तू अंडं खाल्लंस तेव्हा कोणतं बोट?"

"दुसरं. कोंबडीचं काय बिघडलं?"

दारात सोजरबाई उभी होती. तिने ऐकलं. आता गावात चुकीचं काय घडतं याची एक वही तिनेही घालावी म्हणते, पण तिलाही अक्षर येत नाही.

चौकात पोरांनी एरंडाची फांदी रोवली. होळी उभी राहू लागली. पहिल्याच दिवशी आमची मोडकी खाट गेली. मी अंगणात येऊन तोंडावर उलटा हात मारून अशी बोंब ठोकली की बैल उठून उभे राहिले. पोरं पळता पळता हसत होती. घसा बसला, पण बरं वाटलं.

तुझ्या सरांना हे माहीत नसेल, तर सांगून ठेव. होळीचं लाकूड चोरूनच आणायचं असतं. मागून आणलं तर त्याला धग नसते. ज्याचं गेलं त्याने बोंब मारायची, शिव्या द्यायच्या, पोरांनी त्या हसत घ्यायच्या. एकदा ढिगावर पडलेलं मालकाने परत मागायचं नाही. आणि पोलिसात कुणी जात नाही. एकदा एक नवा तलाठी गेला होता. गावाने त्याचं नाव बदललं, ते नाव छाया लिहीत नाही.

८ मार्च, शनिवार

तृप्ती आली. बॅग आणली, बॅगेची किल्ली तिकडेच राहिली. दगडाने कुलूप फोडलं.

आल्या आल्या तिने पोरांना सोजरबाईची शिडी पळवताना पाहिलं आणि मोबाइल काढून धावली. सोजरबाई अगदी रंगात येऊन शिव्या देत होती. पोरांच्या सात पिढ्या झाल्या होत्या, आठवीला हात घातला होता, तोच तृप्ती मध्ये पडली. "काकू, तुम्हाला कसं वाटतंय?"

"आत्तापर्यंत बरं वाटत होतं," सोजरबाई म्हणाली.

संध्याकाळी माझ्याशी वाद. "आजी, मालकाला न विचारता वस्तू उचलली, म्हणजे चोरी. कायद्यात होळीची सूट नाही."

"कायद्याने कधी आमच्या होळीचं पुरण खाल्लं आहे का?"

"म्हणजे गाव ठरवेल ती चोरी आणि गाव ठरवेल तो रिवाज?"

"अर्थात."

ती हसली. "पहिल्या दिवशी सरांनी हेच शिकवलं. गुन्हा आकाशातून पडत नाही, माणसं ठरवतात."

मग एवढ्या लांब कशाला गेलीस, हे मी विचारलं नाही. पोरगी दमून आली होती.

१० मार्च, सोमवार

एकादशी. मयूर पहाटेच कुठून तरी चार चाकं घेऊन आला. गोणपाटात गुंडाळून गोठ्यात कडब्यामागे ठेवली. भंगारवाल्याकडे मिळाली म्हणतो. तेलपाणी केलेली, गुळगुळीत फिरणारी. दुकान पक्कं बांधणार नाही, चाकांवर उभं करणार, म्हणजे पंचायतीने हटकलं तर ढकलता येईल. किती लांबचा विचार! हाताला लाकडाची कुसळं टोचली आहेत, मी सुईने काढून दिली. काम करणाऱ्याचे हात असेच असतात.

छाया, थांबलीस का? लिही.

बोट दुखतं म्हणते. बरं, उद्या.

११ मार्च, मंगळवार

कडू आणि पार्वती दोन दिवस इच्छापुरला गेले होते, देवीचा नवस फेडायला. आज परत आले तर निंबाखाली गाडी नाही. ताडपत्री तेवढी घडी घालून दगडाखाली ठेवलेली. गाडी चौकात होळीवर आहे, उलटी, वर शिडी, वर आमची खाट.

मी वाट बघत बसले की आता कडूची बोंब ऐकू येईल. त्याचा आवाज मोठा आहे, बस फाट्यावर थांबत नसेल तर तो ओरडून थांबवतो. बोंब आली नाही. छायाला पाठवलं बघायला. म्हणाली, "आत्याबाई, कडूभाऊ निंबाखाली बसलेत. गाडी उभी राहायची त्या जागेच्या बाजूला. जागेवर नाही, बाजूला."

मला हे आवडलं नाही. ज्याचं गेलं तो बोंबलला पाहिजे. बोंब मारली की रिवाज पुरा होतो. गप्प बसला तर ते काहीतरी दुसरंच आहे.

पार्वती आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "गोदामाय, होळीवर गेलेलं मागता येतं का हो?"

मी म्हटलं, नाही.

ती "बरं" म्हणाली. निघताना म्हणाली, "परवा पेटवतील ना? मग परवापासून हे काय करतील, ते तेवढं देवीला विचारायचं राहिलं."

जेवताना मी विषय काढला. मयूर म्हणाला, "क्या आजी, हमको क्या पता कोण घेऊन गेलं. सगळी पोरं जात होती, मी एकटा कसा थांबणार? आणि जुनीच तर गाडी होती, कुणाचं काय बिघडलं? कडूकाकांनीच रस्त्यावर सोडून जायला नको होती. आणि पप्पांनी पण त्यांच्या जवानीत लोकांचे दरवाजे नेले की! दोस्तांनी ठरवलं तर ठरवलं, होळी सगळ्यांची असते. रिवाज है."

ललित म्हणाला, "खरं आहे, आम्हीही नेले." आणि भात मागितला.

तृप्ती मात्र विचित्र वागली. भाऊ बोलत होता तेव्हा ही ताटाशेजारी एकेक बोट दुमडत होती. शेवटी मूठ झाली आणि मुठीकडे बघत बसली. सार निवून गेलं. शिकून पोरीचं खाण्यातलं लक्ष गेलं. छायासुद्धा उपाशी उठली. या घरात जेवण वाया घालवण्याचा रिवाज पडतो आहे.

१२ मार्च, बुधवार

तृप्ती पोलिसांना फोन लावायला निघाली. मी म्हटलं, आधी ज्याची गाडी त्याला विचार. कडूला बोलावलं. तो ओट्याखाली उभा राहिला, वर बस म्हटलं तरी बसला नाही.

"नको ना ताई," तृप्तीला म्हणाला. "पोलीस येतील आणि जातील. मला इथंच भजी विकायची आहेत. होळीसाठी पोलीस आणणाऱ्याची भजी कोण खाईल?"

"पण काका, तुमच्यावर अन्याय झालाय!"

"झाला ना. पण रिवाजाने झाला, मग कुणाला बोलू?"

तो गेला. तृप्ती रडली. म्हणाली, "आजी, माझ्याकडे सात सिद्धांत आहेत, आणि एकानेही ती गाडी खाली उतरत नाही."

मी सुपारी कातरत विचार केला. मालकाने मागायचं नाही, हे खरं. पण चोरून न्यायला कुणाची बंदी आहे? खालच्या आळीची पोरं दरवर्षी वरच्या आळीच्या होळीतून ओंडके पळवतात, वरचे खालच्यांचे. म्हणून तर ढिगावर राखणदार बसवतात. पेटेपर्यंत चोरलेलं माफ असतं, आणलेलंही आणि नेलेलंही.

मी म्हटलं, "तृप्ते, चोरी होते कशी, ते परत सांग. तीन गोष्टींचं काहीतरी होतं."

तिने डोळे पुसले. "चोरी करायची इच्छा असलेला माणूस. उचलण्याजोगी वस्तू. आणि राखण करणारं कुणी नसणं. तिन्ही एका जागी, एका वेळी आले की गुन्हा घडतो."

"इच्छा आहे. वस्तू आहे. म्हणजे तिसऱ्याचंच बघायचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्या पुस्तकावर चहा सांडला.

"आजी, तो सिद्धांत चोरी थांबवण्यासाठी आहे."

"कात्री कापडही कापते आणि दोराही कापते. उद्या दुपारी पोरं रंग आणायला इतवाऱ्यात जातील. ढिगावर मोतीलाल बसेल."

मोतीलाल माझा चुलत दीर. ऐकायला कमी येतं, पण पुरणाचा वास दोन आळ्यांवरून येतो.

१३ मार्च, गुरुवार. होळी

दुपारी मोतीलालला बोलावणं धाडलं की भावजी, पुरणात वेलदोडा कमी पडला का ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? तो काठी टाकून आला. तीन पोळ्या खाऊन म्हणाला, अजून नक्की सांगता येत नाही. चौथी वाढून मी मागच्या दाराने निघाले.

चौकात तृप्ती, छाया, पार्वती आणि सोजरबाई. सोजरबाईने आधी स्वतःची शिडी ओढली. मी म्हटलं, "ती ठेव."

"का? पेटेपर्यंत माफ आहे, तुम्हीच म्हणालात."

"तुझी शिडी होळीसाठी गेली. तू बोंब मारलीस, पोटभर शिव्या दिल्यास, हिशोब मिटला. ठेव."

"आणि अंडं?"

"अंड्याचं नंतर बघू."

खाट बाजूला केली, गाडी सरकवली, चौघींनी उतरवली. मी पहिल्यांदाच ती जवळून पाहत होते. दोन दिवस माझे गुडघे मला चौकात येऊ देत नव्हते, आणि कुणी मला सांगितलंही नव्हतं.

गाडीला चाकं नव्हती.

मोडली नव्हती, काढून घेतली होती. पाना लावून, एकेक नट सोडवून, नीट.

मी तिथेच ओंडक्यावर बसले. साठ होळ्या या गावात पाहिल्या. होळीला आणतात ते सगळं देतात. कुणी खाट आणली तर दोरीसकट आणली, दार आणलं तर कडीसकट. आगीतून आपल्यासाठी काही वाचवून ठेवणारा मी पाहिला नव्हता. चाकं ज्याने ठेवून घेतली त्याने गाडी होळीसाठी नेलीच नव्हती. निंबाखालची जागा मोकळी व्हायला पाहिजे होती, आणि होळी हाताशी होती.

"आता ढकलायची कशी?" सोजरबाईने विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत छाया निघाली. कुठे जातेस हे मी विचारलं नाही, चाकं कुठे आहेत हे तिनेही मला विचारलं नाही. थोड्या वेळाने गोणपाट डोक्यावर घेऊन आली. पार्वतीसमोर ते खाली ठेवलं आणि पदराने हात पुसत राहिली, पुसत राहिली.

पार्वतीने एक चाक हातात घेऊन फिरवलं. म्हणाली, "तेल यांनीच घातलं होतं. नवसाला जायच्या आधी." एवढंच.

छाया हे लिहिताना रडते आहे. अक्षर फुटलं तर त्याला मी जबाबदार नाही. रडू दे, पण लिही. बोट दुखत नव्हतं हे मला आता कळलं. छाया, तुला सोमवारीच कळलं होतं, आणि तृप्तीला मंगळवारी, भात वाढेपर्यंत. या घरात सगळ्यात शेवटी कळलं ते मला, जिने त्या डॉक्टरची टिंगल केली. कान मोजून त्याने माणसं तुरुंगात बसवली, मी कान मोजून एकाला देवघरात बसवलं. फरक काय?

चाकं बसवायला पाना नव्हता, म्हणून चौघींनी गाडी तशीच उचलून ओढत पार्वतीच्या अंगणात नेली. पण गाडी उतरवली म्हणजे होळीत खड्डा पडला. होळीचं देणं ठेवू नये. मी तृप्तीला घरी पाठवलं आणि 'मयूर टी सेंटर' ची पाटी मागवली. मोर वर येईल अशी, ढिगाच्या टोकाला लावली.

दिवस मावळताना पोरं ढोल घेऊन आली. गुलाल, पिपाण्या, आरडाओरडा. मयूर पुढे होता. पाटी त्याला आधी दिसली, गाडी नाही हे नंतर दिसलं. ढोल वाजवायचा थांबला.

"आजी, ये क्या है? माझी पाटी!"

"होळीवर गेलेलं मागायचं नसतं, बाळा. रिवाज है."

"पण ती नवी..."

"फळीच तर आहे. कुणाचं काय बिघडलं?"

सगळी पोरं हसली. मोतीलालने पेटतं गवत लावलं. मोराच्या पिसाऱ्यापासून जळायला लागलं, हिरवा रंग आधी काळा पडला. मयूरने तोंड उघडलं.

"बोंब मार ना," मी म्हटलं. "मालकाने मारायची असते."

त्याच्या तोंडून आवाज निघेना. गर्दीच्या पलीकडे कडू उभा होता, त्याच्याकडे याची नजर गेली आणि तिथेच राहिली. परवा कडू का बोंबलला नाही, ते आता याला सांगायची गरज नव्हती.

मग मीच उलटा हात तोंडावर घेतला आणि बोंब ठोकली. नाव घेऊन ठोकली. माझ्या नातवाचं नाव. मागे सोजरबाईने ठोकली, तिच्या मागे सगळ्या गावाने. लोकांना वाटलं म्हातारी रंगात आली आहे. पोरं तर नाचायला लागली, मयूरच्या नावाने, आगीभोवती. खरी गोष्ट तिथे उभ्या असलेल्या आम्हा पाच बायकांना माहीत होती, आणि त्याला, आणि कडूला.

कडूने बोंब मारली नाही. पण हसला. त्याचा जबडा हसताना आणखी पुढे येतो.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. मयूर सकाळी अंथरुणातून उठेना. मी बादलीभर चिखल नेऊन त्याच्यावर ओतला. म्हटलं, "ऊठ, आणि जिथली चाकं आहेत तिथे ती बसवायला जा. पाना तुझ्याकडेच आहे." दुपारपर्यंत आला नाही. फाट्यावरून आलेले सांगत होते की कडू आणि मयूर दोघंही ओळखू येत नव्हते, इतका रंग. कडूने लावला म्हणे. हळू लावला की जोरात, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तृप्ती आज गेली. रात्रभर तिला एकच काळजी, की सरांना काय लिहून द्यायचं. "आजी, मयूरला चोर लिहिलं तर तो कायमचा चोर होईल. हा पण एक सिद्धांत आहे. माणसाला शिक्का मारला की तो शिक्क्यासारखा वागायला लागतो."

मी म्हटलं, "आम्ही बोंब मारली ना त्याच्या नावाने?"

"तोही शिक्काच झाला."

"नाही. बोंबेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चिखल फासतो, रंग लावतो आणि मग सगळ्यांना आंघोळ घालतो. तुमच्या पुस्तकात बोंब आहे, आंघोळ कुठे आहे?"

तिने ते मोबाइलमध्ये टिपलं. सर म्हणतील कुठल्या पुस्तकातलं आहे. सांग, पानाचा नंबर विचारू नका म्हणावं.

मला अजून खात्री नाही. कडूच्या मनातलं आंघोळीने निघालं का, हे मला दिसत नाही. मयूर सुधारला की त्याला फक्त पाटी जळल्याचं दुःख झालं, तेही दिसत नाही. काल संध्याकाळी तो म्हणाला, "आजी, कडूकाका बोले, सकाळी बस येते तेव्हा भजी नसतात, चहा चालेल. मेरे बाजू में लगा ले." मी विचारलं, "बाजूला ऊन येतं ना?" त्याने कोपऱ्यातली जुनी छत्री काढून उघडून बघितली. तेवढ्यावर मी समाधान मानते. सोजरबाईला एक अंडं परत केलं. आम्लेटचे कांदे-मिरची तिने वेगळे मागितले.

आणि तृप्ते, बसमध्ये बसून तू डब्याचा विचार केला असशील तर तो इथे चुलीशेजारी आहे. तुझ्यासाठी केलेल्या सगळ्या पोळ्या आत आहेत. तुला दुसऱ्या पाठवते, या आता दुसरीकडे जातील.

छाया, एवढं लिही आणि ऊठ. तो डबा मयूरच्या हाती दे. कडूच्या घरी न्यायचा, ओट्यावर ठेवून पळून यायचं नाही, आत जाऊन बसायचं, कडूने खाईपर्यंत. पोळ्यांना तूप घालून दे, वेगळं नको, वेगळं दिलं तर पार्वती उद्यासाठी ठेवून देईल. सार किटलीत गरम कर. कुरडया तळून सगळ्यात वर ठेव, खाली गेल्या तर वाटेत मऊ पडतील.